बसऱ्याला गेलेले थोरले पणजोबा

लोणच्याच्या बरणीला दादरा बांधला की त्यावर वजन म्हणून ठेवायला आमच्या माजघरात एक काळपट चकती होती. तळहाताहून जरा मोठी आणि चांगली जड. तिच्यावर एक बाई उभी, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह. त्रिशूळ आणि सिंह म्हटल्यावर ती देवी नाही असं कोण म्हणेल? घरातल्या बायकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चिंच-राख लावून घासली, दसऱ्याला हळदकुंकूही वाहिलं.

ती बाई ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपात दाखवलेलं ब्रिटन. पहिल्या महायुद्धात मेलेल्या शिपायांच्या घरी ब्रिटिश सरकारने ही कांस्याची चकती पाठवली होती. अशा तेरा लाखांहून अधिक चकत्या काढल्या गेल्या. कडेने इंग्रजी ओळ आहे, हा माणूस स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला अशा अर्थाची. हिंदुस्थानातल्या एका खेड्यातल्या घरी कुणाच्या स्वातंत्र्याची गोष्ट चालली होती ते सरकारलाच ठाऊक. एका चौकटीत मेलेल्याचं नाव असतं, उठावाच्या अक्षरांत. हुद्दा, नंबर, पलटण काही नाही, कारण मेल्यावर सगळे सारखे असा त्यामागचा विचार होता. आमच्या चकतीवर एवढ्या वर्षांच्या घासण्याने नावाची चारच अक्षरं शिल्लक राहिली होती.

ज्यांचं ते नाव, त्यांच्याबद्दल घरात एवढंच सांगितलं जायचं: माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ, जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेले, गोळी लागली, तिकडेच राहिले. गोळी छातीत लागली की कपाळात, ते सांगणाऱ्यावर अवलंबून. फोटो नाही, पत्र नाही, मूलबाळही नव्हतं.

वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा चकती कुणाच्याच यादीत नव्हती, म्हणून मी ती मागून घेतली. माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो म्हणाला, “ने की. भंगारवाला पण चार पैसे देणार नाही तिचे.” तिच्याबरोबर फडक्यात गुंडाळलेला एक बिल्ला निघाला. चार टोकांचा तारा, वर मुकुट, मधून फुलीसारख्या दोन तलवारी, पट्टीवर १९१४-१५. चांदीचंही एक पदक आलं होतं, पण आजोबांच्या बारशाला ते मोडून वाळे केले असं आत्या सांगते. चांदीचं पदक मोडलं गेलं. कांस्याला सोनाराने विचारलं नसावं.

कुणाच्या घरी असलं काही असेल तर एक सांगते: ब्रासो लावू नका, आधी उलटं करून बघा. पहिल्या युद्धातल्या ब्रिटिश पदकांवर ज्याचं पदक त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. गोल पदकाच्या कडेवर, ताऱ्याच्या पाठीवर. आमचा तारा पाठीमागून इतका काळवंडला होता की बोटाला काहीतरी लागायचं पण डोळ्यांना दिसायचं नाही. मग पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद त्यावर ताणून धरला आणि शिसपेन्सिल आडवी करून अगदी हलक्या हाताने फिरवली. आधी नुसते ओरखडे उमटले. मग एक शून्य. मग नंबराचे बाकीचे आकडे, त्यातला शेवटचा तीन की आठ ते काही केल्या ठरेना. पण खालच्या ओळीत ‘११० मराठा एल. आय.’, म्हणजे लाइट इन्फंट्री, पायदळ, हे स्पष्ट आलं. घरात ‘मराठा पलटण’ एवढंच म्हणायचे. मराठा पलटणी तेव्हा सहा होत्या, १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७, आणि त्या सगळ्या काही एका जागी लढल्या नाहीत. त्यामुळे त्या एका ओळीने माझं निम्मं काम केलं. हा तारा १९१५ संपायच्या आत रणभूमीवर पोचलेल्यांनाच मिळे, म्हणजे थोरले पणजोबा तोवर तिकडे पोचले होते हेही कळलं.

पुढचा टप्पा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीचा. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या, ब्रिटिश साम्राज्यातल्या सैनिकांच्या नोंदी ही संस्था ठेवते आणि त्या कुणालाही घरबसल्या फुकट शोधता येतात. फक्त नावावरून शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. आमच्या आडनावाचे शिपाई ढिगाने निघाले. ज्या कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं, ‘ध’चा ‘द’ झाला, शेवटच्या ‘व’च्या जागी ‘ओ’ आला. बापाच्या नावाला कुठे ‘जी’ जोडलेलं, कुठे तोडलेलं. कित्येकांना तर आडनावच नाही. मी नाव सोडून दिलं आणि पलटण अधिक नंबर असं शोधलं. तीनने भलताच माणूस आला. आठने आमचा.

नोंद तीन-चार ओळींची. शिपाई, ११०वी मराठा लाइट इन्फंट्री, मृत्यू मार्च १९१६, बसरा स्मारक. खाली बापाचं नाव, गाव चुकलेलं पण ओळखू येण्याइतपत, जिल्हा सातारा. आणि त्याच ओळीत बायकोचं नाव.

ते नाव मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचून दाखवलं. ते म्हणाले, “ही कोण?” मग एकदम गप्प झाले. ज्या बाईच्या मांडीवर ते वाढले, जिला घरातले लहानथोर सगळे ‘थोरली आई’ म्हणायचे, तिचं नाव त्यांना माहीत नव्हतं. आत्याला माहीत होतं. ती म्हणाली, “मला ठाऊक की. पण विचारलं कुणी कधी?”

थोरली आई १९६८ साली गेली. मी तिला पाहिलेलं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ती विधवा झाली आणि पुढे आयुष्यभर त्याच घरात राहिली. दिराची मुलं, मग नातवंडं सांभाळली. हे मला आधीही ठाऊक होतं, पण नातेवाइकांच्या गोष्टी जशा ठाऊक असतात तसं.

बसरा स्मारकाची गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती आणि ती कळल्यावर मी काही दिवस धुसफुसत होते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या आणि ज्यांच्या कबरी माहीत नाहीत अशा चाळीस हजारांवर सैनिकांचं ते स्मारक. हिंदू शिपायांना शक्य तिथे अग्नी दिला जाई, त्यामुळे कबरीचा प्रश्न नव्हता. स्मारकावर नाव, एवढंच मिळू शकत होतं. हे स्मारक १९२९ साली बसऱ्याजवळ माकिलच्या धक्क्यावर उभं राहिलं. १९९७मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमावरून ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर लांब, वाळवंटात नेऊन पुन्हा मांडलं. अण्णांनी विचारलं, “मग त्या भिंतीवर आपलं नाव असेल की. फोटो मिळतो का बघ.”

नाव नाही. त्या भिंतींवर इंग्रज शिपायांची नावं आहेत, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदुस्थानी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा कोरला, इतके इतर. असे तीस हजारांहून जास्त लोक. ज्या कमिशनने १९१७ साली स्थापनेपासून हुद्दा, वंश, धर्म यांत भेद करणार नाही असं म्हटलं, त्याच कमिशनने हे केलं. नावं वह्यांमध्ये होती, म्हणून आज ती यादीत सापडतात. दगडावर खर्ची घालण्याजोगी ती कुणाला वाटली नाहीत. २०२१च्या एप्रिलमध्ये कमिशनने स्वतःच्या चौकशी अहवालात हे कबूल केलं आणि ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना. अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “चकतीवर नाव काढायला जमलं, भिंतीवर नाही?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गावात बऱ्याच जणांनी सुचवलं की दिल्लीच्या स्मारकावर नाव घालून घ्या. तिथलं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९चं, आणि त्यावरची नावं स्वातंत्र्यानंतरच्या लढायांतली. इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं आहेत खरी, पण ती बहुतेक वायव्य सरहद्दीकडे आणि १९१९च्या अफगाण युद्धात गेलेल्यांची. मेसोपोटेमियात मेलेला सातारचा शिपाई यात कुठेच बसत नाही.

मार्च १९१६ ही तारीख घेऊन मग मी वाचायला बसले, आणि गोळीची गोष्ट डळमळायला लागली.

सहावी पुणे डिव्हिजन १९१४च्या नोव्हेंबरात फाओला उतरली आणि महिना संपायच्या आत बसरा घेतलं. इराणी तेलाची वाट सुरक्षित ठेवायची हे मूळ काम, आणि ते तिथेच संपायला हरकत नव्हती. पण बसरा इतक्या सहज मिळाल्यावर साहेबांना बगदाद दिसायला लागलं. जनरल टाउनशेंड टायग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेला, त्याच्याबरोबर १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी. १९१५च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनला, त्या मुलखावर तेव्हा राज्य असलेल्या तुर्कांशी गाठ पडली आणि साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत आणलं, आणि तिथून बोटींवर रचून खाली धाडलं. या हेळसांडीची पुढे लंडनमध्ये चौकशी झाली आणि १९१७मध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनला खुर्ची सोडावी लागली. उरलेली डिव्हिजन मागे हटत कुत-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात आली. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा आवळला. तो १४७ दिवस टिकला. २९ एप्रिल १९१६ला टाउनशेंड शरण गेला.

म्हणजे थोरले पणजोबा वेढ्यात होते, आणि शरणागतीच्या महिनाभर आधी गेले.

मार्चपर्यंत कुतमध्ये खायला फारसं उरलं नव्हतं. घोडे आणि खेचरं मारून मांस वाटलं जात होतं. हिंदुस्थानी शिपाई त्याला बराच काळ शिवले नाहीत. देशातल्या धर्मगुरूंकडून चालेल अशा तारा मागवल्या, तरी पुष्कळांची भीती वेगळीच होती: गावात कळलं तर? पंगतीला कोण बसवील? मला हे वाचताना अजिबात परकं वाटलं नाही. आमच्या गावात कोण काय खातं याच्या गोष्टी आजही एका दिवसात वेशीबाहेर जातात. तर मांस नाही, भाजीपाला नाही, नुसत्या मूठभर पिठावर राहिल्यामुळे शिपायांत स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजतात, दात हलतात, भरलेल्या जखमा पुन्हा फुटतात. वर तोफगोळे होतेच. अख्ख्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेत आजाराने मेलेल्यांचा आकडा बारा हजारांच्या वर जातो, लढाईतल्या मृत्यूंहून फार कमी नाही.

शरण गेलेल्या सुमारे तेरा हजार लोकांचं पुढे जे झालं तेही वाचलं. वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपलं, हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. कुणाचे आजे-पणजे या कैद्यांत असतील तर जिनिव्हाच्या रेडक्रॉसने त्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं इंटरनेटवर ठेवली आहेत, तिथे जरूर शोधावं. आमच्या माणसासाठी त्याची गरज पडली नाही. एक महिना आधी सुटले बिचारे, असं माझ्या मनात आलं. मग मनात असं आल्याचं मला बरं वाटलं नाही.

दादाला यातलं काय आवडलं, तर पलटणीची वंशावळ. १९२२च्या फेररचनेत ११०वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. स्वातंत्र्यानंतर ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि २ पॅरा झाली. ११ डिसेंबर १९७१ला बांगलादेशात टांगाईलला जी पलटण आकाशातून उतरली, ती हीच. हे कळल्यापासून दादाने चकतीला भंगार म्हणणं सोडलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ‘आमच्या पणजोबांची पॅरा’ असं सांगायला लागला. कुतच्या वेढ्यात पॅराशूट नव्हतं असं मी एकदा म्हणून पाहिलं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

मृत्यूचं कारण मात्र कुठेच मिळेना. कमिशनच्या नोंदीत ते नसतं. पलटणींच्या रोजनिशा लंडनजवळ केवच्या अभिलेखागारात असतात, पण अशा रोजनिशांत इंग्रज अधिकारी मेला की त्याचं नाव येतं, शिपायांचा फक्त हिशेब. त्या काळच्या साध्या शिपायाचं सेवापुस्तक मिळणं तर जवळजवळ अशक्य. म्हणजे लंडनचं दप्तर मला तारखेपर्यंत आणून सोडत होतं आणि पुढे हात वर करत होतं.

तेव्हा आत्या म्हणाली, “जमिनीला नाव कुणाचं लागलं ते बघ की. माणूस मेला तर तलाठ्याला कळवावंच लागतं.”

साधी गोष्ट. थोरल्या भावाचं नाव उताऱ्यावर असणार, तो गेल्यावर वारसाची नोंद झाली असणार, आणि फेरफारात कारण लिहायची पद्धत होती. तालुक्याच्या कचेरीत जुने फेरफार बघायला गेले ती नेमकी २०२३ची अखेर. कुणबी नोंदींचा शोध सुरू होता. रेकॉर्ड रूमच्या दारात ही गर्दी, मोडी वाचणाऱ्यांना सोन्याचे दिवस आलेले. ज्याच्या त्याच्या तोंडी आजा-पणजा. एकाने मला विचारलं, “तुमची नोंद सापडली का?” मी म्हटलं, “मी नोंद नाही शोधत, माणूस शोधतेय.” तो म्हणाला, “तेच ते.” त्यालाही पणजोबाच हवे होते, माझ्यासारखे.

कारकुनाने लग्न झालेल्या मुलीचा या कागदाशी संबंध काय, असं विचारलंच. हुज्जत न घालता अण्णांच्या सहीचा अर्ज दिला. जमिनीच्या भानगडीसाठी नाही, पणजोबा लढाईत गेले त्यासाठी हवंय, हे सांगितल्यावर तो जरा नरमला आणि म्हणाला की त्याचा भाऊ सियाचिनला आहे. १९१८चं रजिस्टर त्यानेच शोधून दिलं. कागद इतका वाळलेला की पान उलटताना कडेचे तुकडे टेबलावर पडत होते. तो ते तुकडे हाताने गोळा करून परत पानांत ठेवत होता.

मोडी मला येत नाही. एका निवृत्त गुरुजींनी नक्कल वाचून दिली. पहिल्यांदा भराभर, सवयीने, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा सावकाश. नोंद अशी की सदर इसम पलटणीत नोकर, लढाईवर असता बसरा मुक्कामी दुखण्याने मयत. कुटुंब एकत्र, सबब धाकट्या भावाचं नाव लावावं. मयताची बायको हयात, तिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी भावावर. खाली पंचांच्या सह्या, आणि बाजूला एक अंगठा. गुरुजी म्हणाले, हा अंगठा बाईचा.

बसरा मुक्कामी हे बरोबर नाही, ते कुतला होते. पण गावाच्या लेखी मेसोपोटेमिया म्हणजे बसराच, आणि सरकारी कागदही तिथूनच आला असणार. ‘दुखण्याने’ हा शब्द मात्र कुणी हवेतून आणला नसेल. गोळी लागून गेला असता तर घरच्यांनी ते चारचौघांत दडवलं नसतं, उलट ठासून लिहायला लावलं असतं.

हे घरी सांगणं मला वाटलं होतं त्याहून अवघड गेलं. अण्णा म्हणाले, “मग आम्हांला गोळी कुणी सांगितली?” दादा म्हणाला, कागद खोटा असेल, तेव्हाचे कुलकर्णी-तलाठी काय वाट्टेल ते लिहायचे. त्याच्या चेहऱ्यावर सरळ सरळ कुणीतरी आपलं काहीतरी काढून घेतल्याचा भाव होता. मी त्याला वेढ्याचं, घोड्यांचं, हिरड्यांचं सगळं सांगितलं. शंभरावर दिवस उपाशी राहून, तोफगोळ्यांखाली खंदकात बसून माणूस मेला, याच्यात गोळीपेक्षा कमी काय आहे असं मला खरंच वाटतं. त्याला ते पटलं असं नाही. गोळीची गोष्ट सांगायला सोपी असते, हे मलाही मान्य आहे.

पण आत्या गप्प होती, आणि ती गप्प असते तेव्हा तिच्याकडे काहीतरी असतं. ती म्हणाली, थोरली आई चतुर्दशीला पान वाढायची नाही.

पितृपंधरवड्यात भाद्रपद वद्य चतुर्दशीला, घातचतुर्दशीला, शस्त्राने किंवा घातपाताने मेलेल्यांचं श्राद्ध करतात. लढाईत पडलेल्यांचं त्याच दिवशी. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं दुसऱ्या दिवशी, सर्वपित्री अमावास्येला. आमच्याकडे हल्ली थोरल्या पणजोबांचं पान चतुर्दशीलाच असतं. आत्या सांगत होती की तिच्या लहानपणी तसं नव्हतं. भटजींनी आणि आजोबांनी थोरल्या आईला सांगून पाहिलं की लढाईतलं मरण आहे, चतुर्दशीला करा. तिने कधी केलं नाही. अमावास्येला करायची, आणि का ते सांगायची नाही. ती गेल्यावर आजोबांनी दिवस बदलला, आणि तो बदलल्यावर गोळी हळूहळू पक्की होत गेली असावी.

हा काही पुरावा नव्हे. अमावास्येला सगळ्यांचंच करतात, आणि एखाद्या बाईची नुसती सवय असू शकते. पण अंगठा तिचा होता, कागद तिच्यासमोर वाचला गेला होता. तिला ठाऊक होतं एवढं मी स्वतःपुरतं धरून चालले आहे. घरातल्या पुरुषांना गोळी हवी होती, तिने त्यांच्याशी वादही घातला नाही आणि दिवसही बदलला नाही.

यंदा पान अमावास्येला वाढलं. अण्णांनीच ठरवलं, कुणाला न विचारता.

कमिशनला गावाचं नाव दुरुस्त करण्यासाठी फेरफाराची नक्कल, तिचं इंग्रजी भाषांतर आणि ताऱ्याच्या पाठीचा फोटो पाठवला आहे. पुरावा जोडला तर ते दुरुस्ती विचारात घेतात. त्यांच्या संकेतस्थळावरून नावाचं प्रमाणपत्र उतरवून घेता येतं, ते दादाने छापून लॅमिनेशन करून दिवाणखान्यात लावलं. चुकीच्या गावाच्या नावासकट, थांबायला तयार नव्हता.

आता गावात पाटी लावायचं चाललं आहे. चावडीच्या भिंतीत त्या युद्धाची एक संगमरवरी पाटी आधीपासून आहे: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. सातारा जिल्ह्यात अशा पाट्या पुष्कळ गावांत आहेत. अपशिंगे मिलिटरी या गावाचे तर एकट्या त्या युद्धात ४६ जण गेले. आमच्या पाटीवर आकडा आहे, नावं नाहीत. म्हणून तिच्या शेजारी नावाची छोटी पाटी, असा ग्रामसभेत ठराव झाला आणि मजकूर ठरवायचं काम दादाने अंगावर घेतलं.

त्याच्या पहिल्या मसुद्यात ‘शूरवीर’, ‘रणझुंजार’, ‘नरकेसरी’ असं सगळं होतं, शेवटी ‘वीरगती’. पाथरवट अक्षराप्रमाणे पैसे घेतो हे कळल्यावर नरकेसरी आधी गेला. मग वीरगतीवर आम्ही भांडलो. मी म्हटलं, खरं तेच लिहू. तो म्हणाला, “दगडावर कुणी ‘दुखण्याने’ लिहितं का?” तेही बरोबरच होतं. शेवटी ‘कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मृत्यू, मार्च १९१६’ यावर दोघांचं जमलं. खरंही आहे आणि अक्षरंही बेतात.

खाली मी थोरल्या आईचं नाव घालायला सांगितलं. दादा म्हणाला, “ती कुठं लढाईवर गेली होती?” आत्या आतून भाजी निवडता निवडता म्हणाली, “पेन्शनीसाठी दरसाल हयातीच्या दाखल्यावर अंगठा उठवायला तालुक्याला चालत कोण जायचं, तू?” दादाने निमूटपणे अक्षरं मोजली आणि नाव घातलं. आता त्याला सगळ्यात खाली ‘सौजन्य’ म्हणून स्वतःचं नाव हवं आहे. त्यावरून आमचं अजून चालू आहे.